काट्यावर भांडता, बूथवर का गप्प?

(शिर्डी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्यावर उसाची गाडी गेली की आपण काट्याजवळ उभे राहतो. भरल्या गाडीचे वजन पाहतो, रिकाम्या गाडीचे पाहतो, पावती खिशात घालतो आणि मगच घराकडे वळतो. पाच वर्षांतून एकदा दुसऱ्या एका काट्यावर आपलेच वजन होते. तिथे मात्र आपण बोटाला शाई लावून घेतो आणि पाठ फिरवतो. आज त्या काट्याबद्दल बोलायचे आहे. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

माझे पहिले मत १९९९ चे. लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी. दोन मतपत्रिका, त्यावर शिक्का मारायचा, शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून नीट घडी घालायची. शेतीची पदवी घेतलेला माणूस मी, पण हात थरथरत होता. २००४ ला यंत्र आले. त्या ऑक्टोबरात विधानसभेला मी एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बूथवर बसलो. आमच्या यादीवर तेव्हा फोटो नव्हते. सकाळी दहाच्या सुमारास पदर पुढे ओढलेली एक बाई आली. नाव पुकारले ते आमच्या वस्तीवरच्या मावशींचे. ही मावशी नव्हे, हे मला दिसले. पण तिला घेऊन आलेली माणसे आमच्याच बाजूची होती. मी यादीवर खूण केली आणि गप्प बसलो.

दुपारी मावशी आल्या. कांदा लागणीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, तीन किलोमीटर चालत. टेबलावरचे कर्मचारी म्हणाले, "तुमचं मत झालंय." मावशींनी कोरे बोट पुढे केले. म्हणाल्या, "मग मी कोण?"

उत्तर माझ्याकडे होते. मी यादीत डोके खुपसले. मावशी तशाच परत गेल्या.

मित्रहो, मला कायदा माहीत नव्हता असे नाही. समोरचा मतदार खरा नाही अशी शंका आली तर प्रतिनिधीने दोन रुपये भरून हरकत घ्यायची. केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करायची. हरकत उगीच त्रास देण्यासाठी घेतली असे ठरले, तरच ते दोन रुपये बुडतात. म्हणजे मावशींचे मत वाचवायला दोन रुपये लागत होते. ते माझ्या खिशात होते.

त्यानंतरही वाट होती. आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेला असेल, तर ओळख पटवून आपल्याला कागदी मतपत्रिका मागता येते. कायद्याच्या भाषेत हे प्रदत्त मत; बूथवरची माणसे टेंडर व्होट म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर ते पाकीट कामाला येते. २०२४ ला वायव्य मुंबईची लोकसभा ४८ मतांनी ठरली आणि हायकोर्टातल्या याचिकेत प्रदत्त मतांचा मुद्दा आला. याचिका फेटाळली गेली, हेही सांगतो. पण ४८ मते म्हणजे आपली एक वस्ती!

बियाणे पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून उगवण पाहतो. लोकसभा-विधानसभेला मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांची चाचणी होते, ती हीच उगवण चाचणी. आपला माणूस तिथे पहाटे हजर पाहिजे. मत दिल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती वाचा. १३ मे २०२४ ला आपण शिर्डी लोकसभेचे मतदान उन्हाळ्यात केले. दुपारी रांग पाहून परत फिरायची पाळी आली, तर लक्षात ठेवा: वेळ संपताना जे रांगेत उभे, त्या सगळ्यांना चिठ्ठ्या मिळतात आणि मत देता येते. शेवटी किती मते पडली याचा हिशेब १७-सी नमुन्यात भरतात. त्याची प्रत घेतल्याशिवाय प्रतिनिधीने जागा सोडू नये. ती आपली काटापावती.

पण हे सारे कलमांनी होत नाही. चोरी समोरच्याची असली की आपल्याला कायदा आठवतो, आपल्या बाजूची असली की भावकी आठवते. बरेच दिवसांनी मी मावशींच्या दारात गेलो, झाले ते कबूल केले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तू काट्यावर एवढा भांडतोस रे बाबा. तिथं का गप्प बसलास?"

पुढच्या वेळी बूथवर बसाल तेव्हा यादी, पेन आणि दोन रुपये सोबत ठेवा. आणि समोरून आपल्याच बाजूचा चोर आला, तर ते दोन रुपये आधी त्याच्यावर खर्च करा.