एकट्याचं दुकान आणि वाजणारा फोन

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात आपल्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येक विंगमधून एकाने आपल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायचं, असं ठरलं. मी सेक्रेटरी मॅडमना म्हटलं, आपल्याकडे डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. मी काचेला फिल्म लावणारा माणूस, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन का उचलत नाही, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ झालं." तर तेच सांगतो.

माझं दुकान चिंचवडला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आतल्या बाजूला. २००३ साली सुरू केलं. एक गाडी आत उभी राहील आणि तिचे दरवाजे उघडतील, एवढीच जागा. मालक मी, कारागीर मी, झाडू मारणारा मी आणि टेलिफोन ऑपरेटरही मीच. मध्ये एक मुलगा ठेवला होता. तो काम शिकला आणि त्याने स्वतःचं दुकान टाकलं. चांगलं चाललंय त्याचं. मागची काच अडली की अजून मला विचारतो.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. काच धुवायची, साबणाचं पाणी मारायचं, फिल्म चिकटवायची, पट्टीने पाणी काढायचं. साबण म्हणजे आम्ही लहान मुलांचा शाम्पू वापरतो, चार थेंब. खरी गंमत गाडीच्या मागच्या काचेला असते. ती दोन्हीकडून वळलेली असते आणि फिल्म असते सपाट. म्हणून आधी ती काचेवर बाहेरून पसरायची, हीट गनने गरम करून हळूहळू काचेच्या आकारात बसवायची, मग आत न्यायची. आत नेताना तिच्या मागचा पातळ कागद सोलावा लागतो आणि तिथून पुढची पाच मिनिटं फार नाजूक. डिंकाची बाजू उघडी. पंखा बंद, कारण धुळीचा एक कण बसला की तिथे कायमचा फोड. दोन्ही हात ओले. फिल्म स्वतःलाच चिकटली तर ती टाकून द्यायची, दुसरी कापायची.

आणि बरोबर त्याच वेळी फोन वाजतो.

"इंडिकाला किती?" नमस्कार नाही, नाव नाही. मग रंग कुठला, गॅरंटी किती, अमुक दुकानात कमी सांगतात, आणि शेवटी "घरी विचारून सांगतो." त्या वेळी दुकानात उभा असलेला माणूस कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला असतो आणि तो माझ्या पाठीकडे बघत असतो. फोनवरचा माणूस चहा पीत असतो. कळतं हो सगळं. पण समोरच्याचं काम आज आहे आणि फोनवरचं पुढच्या आठवड्याचं. नाही उचलला तर तो पुढच्या दुकानाचा नंबर फिरवतो. एकट्याच्या दुकानात हा हिशोब दिवसातून वीसदा करावा लागतो, तोही ओल्या हाताने.

२००८ च्या जूनमध्ये हा हिशोब माझा चुकला. एका गाडीच्या मागच्या काचेवरची जुनी फिल्म काढत होतो. त्या काचेवर आडव्या बारीक रेषा असतात ना, त्या पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवण्यासाठी असतात, त्यातून वीज जाते. तिथे ब्लेड लावायचं नाही, गरम करून सावकाश सोलायचं, ही या धंद्यातली पहिली शिकवण. फोन आला, खांद्याने कानाशी दाबला. पलीकडचा म्हणाला, आमच्या बारा गाड्या आहेत. बारा! मी भाव सांगत राहिलो आणि हाताने कधी ब्लेड उचललं कळलंच नाही. दोन रेषा तुटल्या.

गिऱ्हाइकाला दिसलं नाही. मी गाडी दिली, पैसे घेतले. रात्रभर झोप नाही. बायको म्हणाली, "सांगून टाका, नाहीतर मला तरी झोपू द्या." सकाळी फोन करून सांगितलं. ते रागावले, रागावणारच. वीज वाहून नेणारा एक रंग मिळतो, त्याने एक रेषा जोडली गेली, दुसरी नाही. पैसे परत केले. बारा गाड्यांवाला कधीच आला नाही.

त्या दिवसापासून नियम केला, काम चालू असताना फोन बंद आवाजात, खणात. गिऱ्हाइकं खूश. काम सुधारलं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

पुढचं इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. २०१० साली, दुपारी, आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. बायको शाळेत, मोबाइल वर्गाबाहेर. शेजारच्या काकूंनी मला अकरा फोन केले. मी मागची काच लावत होतो आणि फोन खणात होता. दीड तासाने खण उघडला. तोवर वॉचमनने आणि ए विंगमधल्या दोघांनी आईला खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं होतं, एका दादांनी गाडी काढली होती. मी हॉस्पिटलात पोचलो तर फॉर्म भरून झालेला, डिपॉझिट भरलेलं. कोणी किती दिले हे मला नंतर आठवडाभर विचारत फिरावं लागलं, कारण कोणी सांगेना. आईने मला बघितलं आणि विचारलं, "झाली का रे त्या माणसाची गाडी?"

आई त्यानंतर सहा वर्षं होती. काठी टेकत गच्चीवर वाळवणं राखायला यायची, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिचा ओरडा खाल्ला आहे.

तर त्या आठवड्यात सी विंगमधले आपले काका घरी आले. समोर बसलेत ते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "अरे, आमच्या वेळी ट्रंक कॉल तीन प्रकारचे असत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. तू सगळे एकाच खणात कोंबलेस." त्यांनी माझा जुना फोन मागवला, त्यात नवं कार्ड घातलं आणि तो नंबर घरच्यांना आणि सोसायटीतल्या आठ-नऊ जणांनाच दिला. तो फोन भिंतीवर खिळ्याला, आवाज पूर्ण. आम्ही त्याला अजून लाइटनिंगच म्हणतो. तो वाजला की फिल्म वाया गेली तरी चालेल, उचलायचा.

दुसऱ्या फोनसाठी काका स्वतः दुपारी दुकानात येऊन बसू लागले. चार महिने! पैशाचं नाव काढलं की रागवायचे. एक वही केली. नाव, गाडी, काय हवंय, उलट फोन कधी करायचा. ते इतकं व्यवस्थित बोलायचे की गिऱ्हाइकाला वाटायचं, मोठं ऑफिस असणार. वही वाचून कळलं की बहुतेक लोक तेच तीन प्रश्न विचारतात. मग भाव रंगवून शटरशेजारी लावले आणि उलट फोन करायच्या वेळा ठरवल्या, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. ती वही आता अकरावी चालू आहे. अक्षर मात्र माझं, त्यामुळे कधीकधी मलाच लागत नाही.

२०१२ च्या एप्रिलअखेर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. ४ मेपासून गाडीच्या काचांवर फिल्म बंद. त्या दिवसांत वहीत एकच शब्द, "काढायची." मी लावलेल्या फिल्म मीच सोलत होतो, महिनाभर. मग फोन थांबला. ज्या फोनला वैतागलो होतो, त्याच्याकडे बघत बसायचो.

तेव्हा बी विंगच्या पश्चिमेकडच्या वहिनींनी विचारलं, "घराच्या काचेला लावता का हो? चार वाजता हॉलमध्ये बसवत नाही." तिथून घरांचं काम सुरू झालं. एक सांगून ठेवतो, कारण अजून तक्रारी येतात. आरशासारखी फिल्म दिवसा बाहेरून आतलं दिसू देत नाही, पण रात्री घरात दिवे लागले की उलट होतं. बाहेरच्याला सगळा सिनेमा दिसतो. रात्री पडदा लावायचाच. आणि चेअरमनसाहेब, जिन्यातल्या जाळीच्या काचेला गडद फिल्म मी लावणार नाही. ती काच तापते आणि तडकते. तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं.

आता मी शिडीवर असतो, कोणाच्या तरी सहाव्या मजल्यावर, आणि दुकानाला कुलूप. फोन उचलला नाही तर रागावू नका. एक वाजता किंवा सहा वाजता माझा उलट फोन येतो. लाइटनिंगचा नंबर मी परवा ऑफिसातल्या फलकावर लावला, आता सगळ्यांसाठी. कोणाच्याही घरी कोणी पडलं, कोणाला कुठे न्यायचं असलं, तर लावा, गाडी घेऊन येतो. फक्त काल त्यावर एक फोन आला, मी शिडीवरून उडी मारून उचलला, आणि पलीकडून प्रश्न, "बेडरूमच्या खिडकीला किती?" आवाज ओळखलाय मी. त्या दादांनी उद्या सहानंतर दुसऱ्या नंबरवर करावा.