छापावे की थांबावे?

(गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. रूळ आणि स्लीपर यांवर बोलू लागलो तर आपण आरतीच्या आधीच घरी जाल. सेक्रेटरींना मी तसे म्हटलेही. ते म्हणाले, "पेपर तर रोज वाचता ना? मग त्यावर बोला." म्हणून आज वर्तमानपत्राने काय छापावे आणि कुठे थांबावे, या विषयावर चार शब्द बोलणार आहे.

आपल्या बुढापाऱ्यात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण तिथेच शिकले असतील. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे आणि १९०७ साली नागपुरात 'हिंदी केसरी' सुरू करणारे ते हे सप्रे. ज्या 'केसरी'चा कित्ता त्यांनी गिरवला, त्या मूळ केसरीच्या अगदी बाळपणीचा एक प्रसंग मला सांगायचा आहे.

केसरी निघाला जानेवारी १८८१ मध्ये. तेव्हा संपादक होते आगरकर, आणि इंग्रजी 'मराठा' टिळक पाहत. दोघेही पंचविशीतले. त्या सुमारास कोल्हापूरचे दत्तक आलेले तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांना वेडे ठरवून कोंडून ठेवले आहे, त्यांचा छळ होतो आहे, अशी बोलवा होती. संस्थानचे कारभारी होते माधवराव बर्वे. या छळात बर्व्यांचा हात आहे असे दाखवणारी, त्यांच्याच नावाची काही पत्रे पुण्यात आली. आता तुम्ही संपादकाच्या खुर्चीत बसा आणि विचार करा. पत्रे खरी की खोटी हे तपासायला वेळ लागणार. तेवढ्यात त्या पोराच्या जिवाचे बरेवाईट झाले तर? वाट पाहावी की छापावे?

त्यांनी वाट पाहिली नाही. दोन्ही पत्रांतून बर्व्यांवर टीकेची झोड उठली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. (या खटल्यात दहा हजारांचा जामीन जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दिला होता. ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नव्हती.)

गोष्ट इथेच संपली असती तर सोपे होते. चूक केली, शिक्षा भोगली. पण पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, नगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज मरण पावले. म्हणजे पत्रे खोटी होती, पण काळजी खरी होती!

मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि तो माझ्या धंद्याच्या रीतीने केला आहे. आमच्या ट्रॅकमनला रुळाला तडा दिसला तर तो वरिष्ठांच्या हुकमाची वाट पाहत नाही. लाल झेंडी रोवतो आणि फटाके घेऊन गाडीच्या दिशेने १२०० मीटर धावतो. गाडी आधी थांबते, तपासणी मागून होते. पण तडा कोणामुळे गेला, हे तो तिथे उभा राहून ठरवत नाही. त्यासाठी चौकशी बसते. माझ्या अल्पमतीप्रमाणे, महाराजांना भेटू द्या, बाहेरचा डॉक्टर पाठवा, अशी हाकाटी केसरीने पहिल्या दिवसापासून करायला हरकत नव्हती. बर्व्यांचे नाव घ्यायला मात्र थांबायला हवे होते. टिळकांविषयी असे बोलायला माझी जीभ अडखळते, पण मनात आहे ते सांगतो.

आता छापण्याआधीच सगळे पडद्यावर येते. २००८ साली मुंबईच्या हल्ल्यात चॅनेलवाल्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण नियमाने बंद झाले. तो मामला देशाच्या सुरक्षेचा, म्हणून नियम तरी झाला. लहान माणसाच्या अब्रूसाठी एवढे कोण करतो?

हे मी घरबसल्या बोलत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका यार्डात रात्री मालगाडीचे दोन डबे घसरले. कोणाला इजा नव्हती. पहाटे एका वार्ताहराचा फोन आला. मी रात्रभर जागा, वैतागलेला. बोलून गेलो, "पॉइंट नीट बसला नसेल." दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, पॉइंट्समनच्या हलगर्जीपणामुळे गाडी घसरली, आणि खाली त्याचे नाव. मी नाव सांगितले नव्हते. पण ड्युटीवर कोण होता हे शोधायला कितीसा वेळ लागतो? आठवडाभर त्याची मुलगी शाळेत गेली नाही. संयुक्त चौकशीत डब्याची तुटलेली स्प्रिंग सापडली, पॉइंट ठीक होता. ती बातमी कुठेच आली नाही. वार्ताहराला दोष देणे मला सोपे आहे, पण "नसेल" हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. म्हटले, पेपरवाल्यांना पत्र लिहितो, खुलासा छापायला लावतो. त्याने चहा मागवला, बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साहब, अब रहने दीजिए. खुलासा छपेगा तो नाम भी फिर छपेगा. जिसने पहले नहीं पढ़ा था, वो भी पढ़ लेगा."

ते पत्र मी लिहिले नाही. लिहायला हवे होते की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही.