पडद्याच्या अलीकडची ताई



 या परिषदेत सकाळपासून दूरवैद्यकावर, म्हणजे दुरून मिळणाऱ्या वैद्यकीय सल्ल्यावर, बोलणं चाललंय. यंत्रांची, रेंजची, योजनांची चर्चा पुष्कळ झाली. मला बोलायचंय ते पडद्याच्या अलीकडे, पेशंटच्या शेजारी बसलेल्या ताईबद्दल, मग ती आशाताई असो, अंगणवाडीताई असो की परिचारिका. दूरवैद्यक चालणार की अडणार हे तिच्यावर ठरतं, आणि तिला शिकवण्यातच आपण सगळ्यात कमी पडलो आहोत.

2004 साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी जोहान्सबर्गला आफ्रिकी देशांच्या संसदेपुढे एक प्रस्ताव मांडला. आफ्रिकेतली रुग्णालयं आणि विद्यापीठं उपग्रह व केबलनं भारताशी जोडायची, असा तो प्रस्ताव होता. 2009 मध्ये ते जाळं रीतसर सुरू झालं. त्याआधीच इथिओपियातल्या अदिस अबाबाच्या डॉक्टरांना हैदराबादच्या तज्ज्ञांचा सल्ला मिळू लागला होता. काम मोठं होतं, त्याचा अभिमान वाटावा असंच होतं. पण बहुतेक देशांत ही जोडणी एखाद्या मोठ्या रुग्णालयापाशी थांबली. तिथून खेड्यापर्यंतचा रस्ता इथिओपियात जितका लांब, तितकाच आपल्याकडेही लांब आहे. इस्रोच्या मदतीनं महाराष्ट्रात दूरवैद्यक आलं, तेव्हा मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयाशी आधी जिल्हा रुग्णालयं जोडली गेली. गावाचा नंबर फार उशिरा लागला.

2019 च्या अखेरीस ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवा आली आणि उपकेंद्रातून डॉक्टरशी बोलण्याची सोय झाली. 25 मार्च 2020 ला, करोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. आरोग्य कर्मचाऱ्यानं पेशंटच्या वतीनं डॉक्टरशी बोलावं, ही रीत त्यांत स्पष्टपणे मान्य केलेली आहे. म्हणजे ताईचं स्थान कागदावर पक्कं आहे.

प्रत्यक्षात तिच्याकडून काय लागतं ते पाहा. पोटात दुखतंय म्हणून कुणी आला, तर पोटाला हात लावून ते मऊ आहे की ताठर, हे कुणीतरी सांगावं लागतं. कॅमेऱ्याला ते कळत नाही. कातडीवरचा चट्टा पडद्यावर दिसतो, पण उजेड कुठून घ्यायचा हे फोटो काढणारीला ठाऊक हवं. त्या चट्ट्यावर स्पर्श कळतो की नाही, कुष्ठरोगाची शंका घ्यावी की नाही, हे तिनंच तपासायचं असतं. पलीकडच्या डॉक्टरला तिचे हात आणि तिचे डोळे वापरावे लागतात. ती जितकी तयार, तितकाच तो डॉक्टर उपयोगाचा.

आणि तिला आपण काय दिलं? ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट होते, वारंवार बंद पडत होते, आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत होतं. काही लोक तेव्हा म्हणाले, या बायकांना तंत्रज्ञान नको आहे. मला हे म्हणणं अन्यायाचं वाटतं. मराठीतून वर्षानुवर्षं रजिस्टरं चोख लिहिणाऱ्या बाईला इंग्रजी रकाने भरायला लावायचे आणि वर तिलाच अडाणी ठरवायचं, यात दोष तिचा कसा?

संगणक साक्षरतेचं काम महाराष्ट्रात झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं लाखो मुलामुलींना संगणकासमोर बसवलं, तेही मराठीतून. 2017 मध्ये केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजनाही आली. पण प्रमाणपत्रासाठी शिकलेलं प्रमाणपत्राबरोबर कपाटात जातं. रोजच्या कामातून शिकलेलं हातात राहतं.

याचा धडा आपल्या शेजारीच आहे. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, काही गावकुसाबाहेरच्या, आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, आठवड्यात गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या आणि त्यातूनच पुढचं शिकायच्या. बाळंतपण, हगवण, क्षय, कुष्ठरोग, सगळं त्या शिकल्या. पुढे आफ्रिकेतल्या देशांतून माणसं हे पाहायला जामखेडला आली. अक्षर न येणारी बाई वैद्यक शिकू शकते, तर दहावी-बारावी झालेली आपली आशाताई व्हिडिओ कॉल आणि ॲप शिकणार नाही? वर्ग तसा हवा: तिच्या भाषेत, तिच्याच पेशंटवर, पुन्हा पुन्हा, आणि चुकलं तर कुणी ओरडणार नाही असा. एका दिवसाचं प्रशिक्षण, दुपारचं जेवण आणि सहीचा कागद यानं ते होत नाही.

आता आपल्या पाथरी तालुक्याचं बोलतो. दिवाळीच्या आगेमागे हादगाव, बाभळगाव, कासापुरीकडच्या गावांतून कोयते उचलून कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल फेडायची असते, त्यामुळे पाच महिन्यांची गरोदर बाईही मोळी बांधायला जाते. सातव्या महिन्यात ती कोल्हापूरकडे किंवा बेळगावकडे एखाद्या फडात असते. पाय सुजतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा वाढलेला रक्तदाब आहे, यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. तिथे तिला ओळखणारं कुणी नसतं आणि तिची नोंद इथल्या उपकेंद्रात पडून असते. तिच्या नोंदीचा क्रमांक तिथल्या नर्सला उघडता आला, इथल्या आशाताईला तिच्याशी व्हिडिओवर बोलून नेमकं काय विचारायचं ते माहीत असलं, आणि परभणीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दोघींशी एकदम बोलता आलं, तर ते दूरवैद्यक. यातली कुठलीही गोष्ट आज अशक्य नाही. फोन आहेत, क्रमांक आहेत, 2023 पासून महाविद्यालयही आहे. या तिन्हींना जोडणारी सराव झालेली माणसं नाहीत.

मनाच्या आजाराबद्दलही थोडं बोलतो, कारण मराठवाड्यात ते टाळणं मला जमणार नाही. 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कर्जानं खचलेला माणूस स्वतःहून तो क्रमांक लावत नाही. लावून देणारं आणि शेजारी बसणारं कुणीतरी लागतं.

माझी मागणी साधी आहे. पाथरीतल्या प्रत्येक डॉक्टरनं आठवड्यातली एक दुपार आशाताईंच्या वर्गाला द्यावी. त्या वेळेचं मानधन ताईंना मिळावं, हा ठराव आज इथे मांडून जिल्हा परिषदेकडे पाठवावा. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गरोदर बाईची नोंद पुरी व्हावी, आणि तिच्या व नवऱ्याच्या फोनमध्ये आशाताईचा नंबर असावा. पहिला वर्ग मी घेतो. रक्तदाब नीट कसा मोजायचा आणि तो आकडा पडद्यापलीकडच्या डॉक्टरला कसा सांगायचा, एवढाच त्या दिवशीचा विषय. येताना फोन चार्ज करून आणा आणि तुमच्या गावातली एखादी अडलेली केसही घेऊन या.