नामदार गोखले : एका नेमस्ताचे धैर्य



इटलीचे नाव निघाले की आपल्याला मॅझिनी आणि गॅरिबाल्डी आठवतात. सावरकरांनी मॅझिनीला मराठीत आणल्यापासून तर तो आपल्या घरचाच झाला. काव्हूरचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. वर्तमानपत्र काढणारा, राज्याचा जमाखर्च पाहणारा, कायदेमंडळात बहुमत जुळवणारा हा उदारमतवादी मुत्सद्दी १८५२ साली पीडमाँटचा पंतप्रधान झाला आणि १८६१ साली, इटलीचे एक राज्य झालेले पाहून वारला. पोवाड्यात हिशेबाच्या वहीला जागा मिळत नाही, हेच खरे! आपल्याकडे तीच गत गोपाळ कृष्ण गोखले यांची झाली. फरक एवढाच, की काव्हूरच्या हाती सत्ता होती; गोखल्यांच्या हाती केवळ वाणी.

१८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे गरीब घरात त्यांचा जन्म झाला. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले, न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य झाले. नेमस्त म्हणजे भित्रा, असा समज आपल्यात रूढ आहे. तो १८९७ च्या एका प्रसंगावर घासून पाहा. त्या वर्षी गोखले विलायतेत होते. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे पुण्याहून आली आणि त्यांनी ते आरोप तेथे जाहीर केले. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. गोखल्यांनी पत्रे लिहिणारांची नावे सांगितली नाहीत. स्वतःच उघड माफी मागितली. देशभर छी:थू झाली. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, आणि त्याची नामुष्की एकट्याने सोसावी, याला धैर्य नाही तर काय म्हणावे?

१९०२ साली ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा डौल मिरवीत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले आणि विचारले, रयत दुष्काळाने खंगत असता तिजोरीत शिल्लक उरते, ती भरभराट की जादा करांची वसुली? १९०३ साली मिठावरील कर उतरला. १९०५ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला.

परंतु त्यांचे सर्वांत मोठे कार्य फसलेलेच आहे. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी ती किती माफक! सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची. तीही जेथे स्थानिक संस्था तयार असतील तेथेच. इटलीने असा कायदा १८७७ सालीच केला होता. तरीही १९१२ साली तेरा मते बाजूने, अडतीस विरुद्ध! पराभव होणार हे त्यांना आधीच ठाऊक होते. आपल्या पिढीने अपयशानेच देशाची सेवा करायची आहे, अशी त्यांची धारणा होती. १९१५ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले.

हे बीडमध्ये कशासाठी सांगायचे? गोखले कलकत्त्यात अंदाजपत्रक फोडत होते तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. येथल्या सामान्य रयतेला मत नव्हते. ते स्वातंत्र्यानंतर मिळाले. गोखल्यांचे विधेयकही अखेर निराळ्या रूपाने जिंकले : २००२ साली शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ साली त्याचा कायदा झाला, आणि तोही सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींसाठी.

तरीदेखील आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल फेडायला नवराबायकोचा एक कोयता फडावर जातो आणि पुष्कळदा लेकरूही पाचटावर जाऊन बसते. गावच्या हजेरीपटावर नाव राहते, मूल राहत नाही. आता विरुद्ध मत देणारे ते अडतीस सभासद कोठे आहेत? कोठेच नाहीत. कायदा आपला, सभागृह आपले, शाळाही आपली.

म्हणून गोखल्यांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा त्यांची सवय उचलू या. आपल्या गावचा हजेरीपट मागवून पाहू या. हंगामी वसतिगृहाला किती पैसा आला आणि किती मुले थांबली, हे विचारू या. ते काम रुक्ष आहे, त्यात टाळ्या नाहीत. पण त्या तेरा मतांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.