खुर्चीचा हात आणि कुऱ्हाडबंदी

राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिराचे लाकूड एके काळी दारूच्या भट्ट्यांत जळाले. १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने मंदिर पुन्हा उभे राहिले; पुढे गावाने कुऱ्हाडबंदीही स्वीकारली. मग सुताराने काय करावे, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर खुर्चीच्या हातात आहे.

उठताना माणूस या हातावर भार देतो. म्हणून सुतार जून, पुरते वाळलेले लाकूड निवडतो. ते चौकोनी असतानाच पटाशीने खालून भोक पाडतो, पुढच्या पायाचे कुसू त्यात बसवून पाहतो आणि मगच रंधा व कानस चालवून गोलाई देतो. कोवळे, ओले लाकूड आकसते. सांधा खिळखिळा होतो.

जून लाकूड राखलेले झाडच देते. कुऱ्हाडबंदी ही सुताराच्या उद्याच्या कामाचीही राखण आहे.