समतेची कसोटी शेवटच्या पाड्यावर

(प्रजासत्ताक दिनानिमित्त शेणवा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दिवाळी सरते, भाताची कापणी-झोडणी आटोपते आणि शहापूर-मुरबाड भागातील कातकरी वाड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि कडेवरची मुले घेऊन कुटुंबे त्यात चढतात आणि कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. ती परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणूनच २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणावर तिरंगा फडकतो, तेव्हा पटावर नाव असलेली कितीतरी मुले तेथे नसतात. त्या वेळी ती भट्टीवर कच्च्या विटा उलटीत असतात. राष्ट्राने समतेचे जे वचन दिले ते कितपत पाळले गेले, हा प्रश्न विचारायचा असेल, तर तो या गैरहजर मुलांपासूनच सुरू करावा लागेल.

हे वचन देणाऱ्यांना त्याचे ओझे ठाऊक होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे समारोपाचे भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट इशारा दिला होता. राजकारणात समता येईल, परंतु सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील; ही विसंगती लवकर दूर झाली नाही, तर तिची झळ सोसणारे लोक लोकशाहीचा हा डोलाराच उद्ध्वस्त करतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. त्याआधी, डिसेंबर १९४६ मध्ये, वनवासींचे प्रतिनिधी जयपालसिंह मुंडा यांनी त्याच सभागृहात आपल्या बांधवांच्या शतकानुशतकांच्या हालअपेष्टांची आठवण करून दिली होती आणि तरीही नव्या भारताच्या शब्दावर विश्वास ठेवीत असल्याचे सांगितले होते. ज्यांनी सर्वाधिक सोसले, त्यांनीच सर्वाधिक विश्वास टाकला. त्या विश्वासाचे ऋण राष्ट्रावर आहे.

कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांत केवढे अंतर असते, हे कोकणाने एकदा पाहिले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी मात्र २० मार्च १९२७ पर्यंत थांबावे लागले आणि तो हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडले. ठराव, ओंजळ आणि निकाल यांच्या दरम्यान चौदा वर्षे गेली. या चौदा वर्षांत आडवा आला तो समाजच. कायदा वाट मोकळी करतो, पण त्या वाटेवर उभी असलेली माणसे बाजूला होत नाहीत, तोवर तो कागदच राहतो.

ठाणे जिल्ह्यात हीच कथा श्रमाच्या बाबतीत घडली. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी सावकाराच्या घरी, बायकोसह, वर्षानुवर्षे राबायचे, अशा ‘लग्नगड्यां’ची प्रथा येथे होती. सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात वनवासींच्या या वेठीची दखल घेतली गेली. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना तिच्याविरुद्ध उभे केले. त्यांची विचारसरणी ज्यांना मान्य नाही, त्यांनाही त्या वेठीचे वास्तव नाकारता येणार नाही. पुढे घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारी निषिद्ध ठरवली. १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर गरजेपोटी करावे लागणारे काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय न्यायालयाने दिला.

या निर्णयाच्या उजेडात भट्टीवरचा हिशेब पाहिला पाहिजे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते. आजारपण येते, लग्न निघते. अशा वेळी भट्टीमालकाकडून बयाणा घेतला जातो. मग नवरा-बायकोची जोडी भट्टीवर जाते. मजुरी हजार विटांवर ठरते, आठवड्याला पोटापुरती ‘खर्ची’ मिळते आणि वही मालकाकडे असते. हंगामाच्या अखेरीस बयाणा फिटला नाही असे निघाले, की पुढचे वर्षही त्याच भट्टीला बांधले जाते. प्रत्येक मालक असा वागतो असे नाही. सचोटीने हिशेब करणारेही आहेत. पण ज्याला वही वाचता येत नाही, त्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहते. असे स्वातंत्र्य हा हक्क नव्हे, ती मेहेरबानी झाली.

दुसरी कसोटी पाण्याची. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, नंतर भातसा आले. आज मुंबई रोज जवळपास चार हजार दशलक्ष लिटर पाणी वापरते आणि त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा शहापूर तालुक्यातील एकट्या भातसाचा असतो. याच तालुक्यातील गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि बायका दोर-कळशी घेऊन काठावर दाटी करतात.

येथे नुसता संताप पुरेसा नाही, कारणही समजून घेतले पाहिजे. धरण नदीच्या खोऱ्यात असते, पाडे असतात वर, डोंगरउतारावर. मुंबईकडे पाणी उताराने वाहत जाते. पाड्यावर ते उपसून चढवावे लागते. काळ्या पाषाणाच्या या भूमीत पाऊस धो-धो पडतो, पण मुरतो थोडा. म्हणूनच, धरणे उशाशी असताना, शहापूरच्या गावांसाठी इगतपुरी तालुक्यातल्या उंचावरील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली. अडचण खरी आहे. परंतु शंभर किलोमीटरवर पाणी नेणाऱ्या अभियांत्रिकीला शंभर मीटरचा चढ अशक्य होता, असे कोण म्हणेल? महानगराची तहान तातडीची मानली गेली आणि पाड्याची तहान सवयीची. विषमता नेमकी येथे आहे.

देशाने काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. आश्रमशाळा आल्या, राखीव जागांतून वनवासी तरुण शिक्षक, तलाठी, सरपंच झाले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ च्या कायद्याने वनहक्क मान्य केले. २०१९ मध्ये घरोघर नळाचे अभियान सुरू झाले; त्याची मुदत २०२४ वरून २०२८ पर्यंत वाढवावी लागली. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांचा समावेश असलेल्या अतिमागास जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान जनमन योजना जाहीर झाली. जुलै २०२२ मध्ये संथाळ समाजातील द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. राष्ट्राच्या सर्वोच्च पदापर्यंतची वाट मोकळी झाली, ही लहान गोष्ट नव्हे. आता वाडीपासून शाळेपर्यंतची वाट मोकळी व्हायची आहे.

ते काम सरकारवर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. बयाणा देणारा, वही लिहिणारा, ग्रामसभेत वाडीचा विषय शेवटी ढकलणारा हा याच समाजातला, बहुधा सकाळी झेंड्याला वंदन करणारा माणूस असतो. समाज एक आहे असे म्हणणाऱ्यांवर तर ही जबाबदारी दुप्पट आहे. वर्षातून एकदा वाडीवर जाऊन सहभोजन केल्याने समरसता येत नाही. मजुराच्या हाती हिशेबाचा कागद पडावा, किमान वेतन मिळावे, पावसाळ्यात बयाण्यावाचून निभावेल इतके काम गावातच मिळावे, स्थलांतराच्या काळात मुलांची गावातच राहण्याची सोय व्हावी आणि ग्रामसभेत पाण्याचा पहिला विषय सर्वांत वरच्या पाड्याचा असावा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

पुढच्या २६ जानेवारीला झेंडा फडकल्यावर शिक्षकांनी हजेरी घ्यावी आणि गावाने ती ऐकावी. कातकरी वाडीतल्या किती मुलांनी ‘हजर’ म्हटले, एवढेच मोजावे. शेणव्यापुरते तरी राष्ट्राने आपले वचन किती पाळले, याचे उत्तर त्या मोजणीत मिळेल.