काल दिवसभरात काय खाल्लं?

(पाड्यांवरील आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

पाड्यापाड्यांवरून चालत, जीपला लोंबकळत इथवर आलेल्या माझ्या ताई-दादांनो,

आहाराची पाहणी कशी करावी यावर मला बोलायला सांगितले आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी पाहणीला गेले होते. अंगणवाडीच्या ओट्यावर दहा-बारा बायका बसल्या होत्या. एका गरोदर वहिनीला मी विचारले, "काल काय जेवलीस?" ती म्हणाली, "नागलीची भाकर नि चटणी." मी तक्त्यात खूण केली आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "दहापैकी एकच गुण! पाच तरी हवेत." ती पदर सावरून उठली आणि गेली. पुढे तीन आठवडे ती अंगणवाडीत फिरकली नाही. तिथे मिळणारा एक वेळचा चौरस आहारही तिचा बुडाला.

शेवटी अंगणवाडीताईंना घेऊन मी तिच्या घरी गेले. चुलीवर चिंबोऱ्यांचा रस्सा होता, टोपलीत कुर्डूची भाजी निवडून ठेवलेली. मी विचारले, "त्या दिवशीही हे होतं का गं?" म्हणाली, "होतं ना. पण तुम्ही जेवण विचारलंत. हे पोरांनी शेतातून धरून आणलेलं, ही बांधावरची भाजी. चटणी पण खुरासणीची होती." एकाचे चार झाले. माझ्या तक्त्यात चिंबोरीला नाव नव्हते, आणि मी 'चटणी कशाची?' एवढेही विचारले नव्हते.

आता हे गुण येतात कुठून ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे दिली. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात धान्य सुमारे २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळे १००, डाळी-कडधान्ये ८५ (त्यातल्या काही भागाऐवजी अंडी, मासे, मांस चालते), तेलबिया-दाणे ३५ आणि दूध-दही ३०० मिलिलिटर असावे, असे ते सांगतात. ही वजने कच्च्या शिध्याची आहेत.

या ताटाशी आपले ताट ताडून पाहण्याच्या दोन रीती आहेत. पहिली वजनाची. भाजी ४०० हवी आणि १०० खाल्ली, तर त्या खान्यात पाव गुण. असे प्रत्येक खान्याचे करून बेरीज करायची. यासाठी ठरावीक मापाची वाटी आणि पळी जवळ हवी. दुसरी रीत सोपी, जगभर वापरली जाणारी. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रीने काल दिवसात आणि रात्रीत दहा अन्नगटांपैकी किती गट खाल्ले ते मोजायचे. धान्य व कंद, डाळी, तेलबिया, दूध, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी गराच्या भाज्या व फळे, इतर भाज्या, इतर फळे. त्यातले पाच तरी हवेत. १५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण मोठ्या चमचाभरापेक्षा कमी खाल्लेले धरायचे नाही. कालवणात चिमूटभर सुकट पडली म्हणून मासळीचा गुण मिळत नाही.

पण या दुसऱ्या रीतीची एक अट मी त्या दिवशी विसरले होते. ती एकेका बाईला पास-नापास करण्यासाठी नाहीच. एका दिवसावरून कुणाचा आहार कळत नाही. पाड्यातल्या शंभर बायकांपैकी किती जणी पाचापर्यंत पोचल्या, एवढेच ती सांगते. म्हणजे गुण पाड्याचे असतात, आणि थोडे आपल्या कामाचेही.

म्हणून चार गोष्टी सांभाळा. एक, 'जेवण' विचारू नका. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय गेले ते क्रमाने विचारा. रानात, शेतात, वाटेवर खाल्लेलेही. दोन, तक्त्यात शेवळं, टाकळा, करटुली, चिंबोरी, कंद यांना जागा करा. तीन, अंगणवाडीतले अंडे तिने स्वतः खाल्ले की घरी नेऊन पोरांना वाटले, ते हळूच विचारा. आपल्याला बरे वाटावे म्हणून 'डाळ खाल्ली' म्हणणाऱ्याही असतात. आपण रागावलो की खोटे उत्तर मिळते. चार, एकदाच मोजून थांबू नका. श्रावणात रान भरलेले असते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, तिथे ना बांध ना रान. त्या बाईचे ताट तिथेही मोजायला हवे.

आणि एक इशारा. धान्यातून निम्म्याहून कमी ऊर्जा यावी, असे ही सूत्रे सांगतात. आपल्या पाड्यांवर ती त्याहून पुष्कळ जास्त येते. म्हणून कुणाला 'भाकर कमी खा' सांगू नका. दिवसभर आवणी करणाऱ्या बाईची भाकर काढली आणि जागी काही ठेवले नाही, तर ती उपाशीच राहील. आधी डाळ येऊ द्या, अंडे येऊ द्या. पोट त्याने भरू लागले की भाकर आपोआप बेताची होते.

त्या वहिनीचे चारच गट झाले होते. पाचवा का नाही, हे विचारल्यावर खरी गोष्ट कळली. घरचे उडीद आषाढातच संपले होते. नंतर चौकशी केली तर पाड्यातल्या बहुतेक घरांत तेच निघाले. पुढच्या पावसाआधी आम्ही घरोघर उडीद-तुरीचे बियाणे आणि परसात लावायला शेवग्याच्या फांद्या दिल्या. तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीने आम्हाला हे काम दाखवले. तक्त्याचा उपयोग तेवढाच, पण तो मोठा आहे.

उद्या तुम्ही पाड्यावर जाल तेव्हा तक्ता पिशवीतच असू द्या. आधी चुलीपाशी बसा, काय शिजतेय ते पाहा, मग विचारा.